नाशिक ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती आणि घरातून निघायचं कधी

“काय हो, अमेरिका सहा तासांवर आली?”

शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मुलाने पाठवलेलं तिकीट होतं. मुंबईहून रात्री 1:30 ला निघायचं, न्यूयॉर्कला सकाळी 7:30 ला पोचायचं, तारीख तीच. काकूंनी सरळ वजाबाकी केली होती. चाकणच्या कोंडीत सापडलं तर नाशिकहून पुण्याला जायलाही सहा तास लागतात, तेव्हा त्यांना शंका येणं साहजिक होतं. काकांनी तोवर इंटरनेटवर शोध घेतला होता. एका ठिकाणी 14 तास लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी साडेपंधरा, तिसऱ्या ठिकाणी 22. “यातलं खरं कोणतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपापल्या जागी सगळीच खरी.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. गंगापूर रोडला हल्ली इमारतीगणिक एक तरी मूल परदेशात आहे, आणि आईवडील पहिल्यांदा निघाले की तोच गोंधळ होतो. म्हणून हिशेब कसा करायचा ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं घेतलंय, पण शहरं बदलली तरी रीत हीच.

आधी विमानतळ पक्का करा

“मुंबई ते न्यूयॉर्क” असं शोधलं की उत्तर शहरांमधलं येतं. विमान मात्र विमानतळावरून उडतं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तिकिटावर तोच छापलेला असतो. मुंबईचा जुना, सहार-सांताक्रूझचा विमानतळ म्हणजे बीओएम. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं, त्याचा कोड एनएमआय. दोन्हीला लोक “मुंबई”च म्हणणार. नाशिकहून टॅक्सी ठरवताना कोणत्या मुंबईला जायचंय हे चालकाला आधी सांगावं लागणार, कारण चुकून दुसऱ्या विमानतळावर पोचलात तर रात्रीच्या वाहतुकीत परत फिरायला वेळ उरत नाही.

पलीकडेही तीच गत. न्यूयॉर्कचा जेएफके वेगळा आणि नेवार्कचा ईडब्ल्यूआर वेगळा. नेवार्क न्यू जर्सीत आहे. आपली बरीच मंडळी एडिसन आणि आसपासच्या गावांत राहतात, त्यांना नेवार्क जवळ पडतो. जेएफकेहून एडिसन साधारण 65 किलोमीटर, वाटेत न्यूयॉर्कची वाहतूक आणि पुलांचे टोल. नेवार्कहून त्याच्या निम्मंही नाही. तिकिटात दोन-तीन हजारांचा फरक असेल तर मुलाला एवढंच विचारा, “तुला घ्यायला यायला कोणता सोपा?”

आपला नाशिकचा कोड आयएसके, म्हणजे ओझर. शहरात गांधीनगरला लष्कराची धावपट्टी आहे, तिचा प्रवाशांना उपयोग नाही. ओझरची धावपट्टी एचएएल या सरकारी विमाननिर्मिती कंपनीची. मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमानं जिथे बांधली गेली, तिथेच बाजूला आपलं प्रवासी टर्मिनल आहे.

दोरा आणि पृथ्वीगोल

हा भाग माझ्या आवडीचा आहे, थोडा रेंगाळणार.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा. रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून जाते. नकाशावर ती सरळ दिसते, पण त्या वाटेने गेलात तर सुमारे 14,200 किलोमीटर होतात.

आता पृथ्वीगोल घ्या. मुलांच्या अभ्यासाचा, धूळ खात पडलेला चालेल. संक्रांतीनंतर आसारीवर उरलेला दोरा घ्या, मांजा नको, साधा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आफ्रिकेकडे जाणारच नाही, झटक्यात वर सरकेल. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकीच्या बाजूने, नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या आसपास, पुढे आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाखालून, कॅनडाच्या लाब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला. पश्चिमेच्या गावाला निघालेलं विमान मुंबईहून नाक जवळजवळ उत्तरेला करतं, ते या दोऱ्यामुळे. ही वाट सुमारे 12,530 किलोमीटर. पट्टीच्या रेघेपेक्षा 1,700 किलोमीटरच्या आसपास कमी.

गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. सपाट नकाशा गोल पृथ्वीला चापून बसवलेला असतो, त्यात ध्रुवांकडचा भाग फुगतो, म्हणून डोळे फसतात. ग्रीनलँड नकाशावर आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर ते आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढं आहे.

दोऱ्यावरून किलोमीटरही काढता येतात. तोच दोरा विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळा. तो पूर्ण फेरा म्हणजे 40,075 किलोमीटर. तुमचा तुकडा फेऱ्याचा कितवा भाग ते पाहा. आमच्या शाळेच्या गोलावर मुलांना बारा-तेरा हजारांच्या मधलं उत्तर यायचं, दोऱ्याने यापेक्षा जास्त काय मागायचं?

यातून एक तपासणीही मिळते. पृथ्वीचा फेरा 40 हजार, म्हणजे कोणतीही दोन ठिकाणं थेट अंतराने 20 हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर असूच शकत नाहीत. कुठल्या संकेतस्थळाने 23,000 दाखवलं तर त्याने मध्ये थांबे धरलेत असं समजा.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर

दोऱ्यावर भागत नसेल त्यांच्यासाठी गणित आहे. नको असेल त्यांनी ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोड टाकावेत, नकाशासकट उत्तर मिळतं, आणि हा भाग सोडून पुढे जावं. पण एकदा हाताने केलं की नंतर कोणी काहीही सांगून जात नाही.

मोबाइल आडवा केला की कॅल्क्युलेटरमध्ये साइन-कॉसची बटणं दिसतात. कोन अंशांत मोजतोय ना, ते पाहा. रेडियनवर असेल तर सगळं उत्तर भलतंच येतं. मग विमानतळांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या:

मुंबई: 19.09 उत्तर, 72.87 पूर्व
जेएफके: 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम

एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज: 146.65. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज 180 च्या वर गेली तर ती 360 मधून वजा करायची. सॅन फ्रान्सिस्कोला असं होतं: 72.87 अधिक 122.38 म्हणजे 195.25, मग 360 मधून वजा करून 164.75.

पुढे दोन गुणाकार. पहिला, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा: 0.2130. दुसरा, दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशातल्या फरकाचा कॉस, तिन्हींचा मिळून: उणे 0.5990. दोन्हींची बेरीज उणे 0.3860. हिचा व्यस्त कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की 112.7 अंश येतात. एक अंश म्हणजे 111.19 किलोमीटर. गुणाकार करा: 12,531.

हे 111 कुठून आलं? पृथ्वीच्या परिघाला 360 ने भागलं की येतं. वैमानिक किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल वापरतात. त्यात एक अंश म्हणजे 60 मैल आणि एक मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. अंशातून अंतर काढायची ही रीत आपल्याला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात पृथ्वीचा परीघ 4,967 योजनं दिला होता.

आता हेच गणित ओझरसाठी करून पाहा: 20.12 उत्तर, 73.91 पूर्व. उत्तर येतं सुमारे 12,478. म्हणजे नाशिक न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा पन्नासेक किलोमीटरने जवळ आहे! आणि आपण काय करतो, तर कसारा घाट उतरून उलट्या दिशेला जातो. काकांना हे फार आवडलं, त्यांनी त्याच संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार जणांना सांगितलं. आणखी एक गंमत पाहा. ग्रीनिचच्या पूर्वेला आपण 73.91 अंशांवर, पश्चिमेला जेएफके 73.78 वर. ग्रीनिचला आरसा उभा केला तर ओझरच्या रेखांशासमोर जवळपास न्यूयॉर्कचाच रेखांश येतो.

किलोमीटरचे तास

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं 10 ते 12 किलोमीटर उंचीवर ताशी साधारण 900 किलोमीटरने उडतात. 12,531 ला 900 ने भागलं तर 13 तास 55 मिनिटं. काकांना सापडलेले “14 तास” ते हेच. संगणकाने सरळ भागाकार करून टाकलेला असतो, त्यात ना वारा, ना वळसा.

मी वेगळा आकडा धरतो. अंतराला 850 ने भागा आणि चढणं-उतरणं, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं यासाठी वर अर्धा तास द्या. 12,531 भागिले 850 म्हणजे पावणेपंधरा, अधिक अर्धा, म्हणजे सव्वापंधरा तास. पश्चिमेला जाताना यातही थोडी भर पडते, का ते पुढे येईलच.

जवळच्या उड्डाणाला हा भागाकार वापरू नका. ओझर ते दिल्ली सरळ रेषेत 990 किलोमीटर. 850 ने भागून अर्धा तास दिला तर एक तास चाळीस मिनिटं येतात, पण वेळापत्रकात त्यापेक्षा जास्तच लिहिलेलं असतं. छोट्या प्रवासात चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा असतो, आणि दिल्लीच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर तो आणखी वाढतो.

वारा

जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, असं ऐकून पुष्कळांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून असं होत असावं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. नाहीतर आपण उडी मारली की दुसऱ्याच्या अंगणात पडलो असतो.

खरं कारण जेट प्रवाह. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आणि हिवाळ्यात कधी त्याहूनही वेगवान. अमेरिकेला जाताना तो वारा तोंडावर, परतताना पाठीवर. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी 50 चाच वारा धरला तरी जाताना वेग 850 आणि येताना 950. भागाकार करून पाहा: 14 तास 45 मिनिटं आणि 13 तास 11 मिनिटं. फक्त वाऱ्याने दीड तासाचा फरक पडला. म्हणून परतीचं तिकीट काढताना जायचीच वेळ उलटी मांडू नका.

वारा अंतरावर कशी मात करतो याचं उत्तम उदाहरण एअर इंडियाचं आहे. तिचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट्या बाजूने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 च्या घरात गेलं आणि वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आली. हजारावर किलोमीटर जास्त चालून दोनेक तास आधी पोचले, कारण वारा पाठीशी होता. गोदावरीला पूर आल्यावर प्रवाहाच्या उलट पोहणाऱ्याला आणि प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला जसा फरक पडतो, तसंच हे.

आकाशातले बंद रस्ते

आता त्या दोऱ्याकडे परत या. तो कुठून गेला होता? सिंधवरून, मॉस्कोजवळून. ताणलेला दोरा देशांच्या सीमा पाहत नाही, विमानाला पाहाव्या लागतात.

24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि नंतर मुदत वाढवत नेली. याआधी 2019 मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. रशियाची हद्द 2022 पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये कोणत्या देशाची कंपनी उडतेय, यावरही वाट ठरते. बंदीचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून वाट काढू शकतं, दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातकडे खाली उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं. वळसा लांबला की इंधन जास्त लागतं आणि काही विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावंही लागलंय.

आखाती देशांतून जाणाऱ्यांनी 23 जून 2025 ची रात्र लक्षात ठेवावी. कतारने काही तासांसाठी हद्द बंद केली आणि जगभरची विमानं भलत्याच विमानतळांवर जाऊन थांबली. असं रोज होत नाही, पण तिकीट काढून झाल्यावरही बातम्यांवर नजर असू द्या.

आपल्या विमानाला सध्या खरोखर किती वेळ लागतोय हे पाहायला सगळ्यात सोपा उपाय: फ्लाइटरडार24 वर विमानाचा क्रमांक टाका. मागच्या आठवड्यातली उड्डाणं, सुटायची आणि उतरायची खरी वेळ, सगळं दिसतं. सात दिवसांची वेळ वहीत लिहा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बाजूला काढा, उरलेल्या पाचांचा अंदाज घ्या. माझ्या भागाकारापेक्षा हे खरं. गणित करायचं ते हा आकडा समजावा म्हणून.

तिकीट वाचणं

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. काकूंची सहा तासांची अमेरिका इथे जन्मली.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण कधीच करत नाही, म्हणून फरक बदलतो.

रीत अशी. पश्चिमेला जाताना तिकिटावरच्या दोन वेळांतला फरक काढा आणि त्यात घड्याळाचा फरक मिळवा. 1:30 ते 7:30 म्हणजे सहा, अधिक साडेनऊ: साडेपंधरा तास. हेच विमान जानेवारीत त्याच वेळा दाखवत असेल तर सहा अधिक साडेदहा, साडेसोळा. परतताना उलट, वजा करा. समजा न्यूयॉर्कहून दुपारी 12 ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला पोचताय. 24 वजा साडेनऊ, म्हणजे साडेचौदा.

वेळेपुढे लहान अक्षरात “अधिक 1” असं काही दिसलं तर पोचायची तारीख पुढची आहे. चष्मा लावून बघा, ते फार बारीक छापतात.

आणि आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. विमान 12 तारखेला रात्री 1:30 ला आहे, म्हणजे नाशिकहून 11 तारखेला दुपारी निघायचं. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते, विमान कंपनीच्या लेखी मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. आमच्या नात्यात एक जोडपं 12 च्या संध्याकाळी बॅगा घेऊन मुंबईला पोचलं, तेव्हा त्यांचं विमान अमेरिकेत उतरून तिकडचे प्रवासी घरीही गेले होते. मध्यरात्र ते पहाटेच्या तिकिटावर मी नेहमी लाल पेनाने आदल्या दिवसाचा वार लिहून ठेवतो.

छापलेली वेळ ही दारापासून दारापर्यंतची असते. विमानाचं दार बंद करून मागे सरकल्यापासून तिकडे पुलाला लागेपर्यंत. त्यात कंपन्या थोडी ढिलाईही ठेवतात, म्हणून अर्धा तास उशिरा उडालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

मध्ये उतरायचं असेल तर

काकांना सापडलेले 22 तास ते असे. आखातात किंवा युरोपात विमान बदलायचं, मध्ये काही तास बसायचं. तिकीट बहुधा स्वस्त असतं, शिवाय ज्येष्ठांना पाय मोकळे करता येतात. गुडघे दुखणाऱ्याला सलग सोळा तासांपेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. पण विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालावं लागतं, त्यासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. लाजू नका.

बदलायला दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी ते तिकीट घेत नाही, आणि चार तासांपेक्षा जास्त असेल तर कुरकुर करतो.

ओझरहून दिल्ली आणि तिथून पुढे, हा पर्याय नकाशावर सुंदर दिसतो. 990 अधिक दिल्ली-जेएफके 11,750, बेरीज 12,740. मुंबईच्या थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त आणि कसारा घाट टळला! पण दोन गोष्टी पाहा. पाकिस्तानची हद्द बंद असेल तर हे 11,750 कागदावरच राहतात, विमान जवळजवळ आपल्याच अंगावरून परत पश्चिमेला जातं. दुसरं, दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय बघणं कंपनीचं काम, आणि बॅगा थेट पुढे जातील का हेही काउंटरवर विचारता येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत बॅगा घ्या, गरज पडली तर टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत उभे राहा आणि विमान चुकलं तर नवं तिकीट तुमच्या खिशातून. मी एकदा चार हजार रुपये वाचवायला असं केलं होतं. धुक्यामुळे पहिलं विमान तीन तास उशिरा निघालं. पुढचं सांगत नाही.

ओझरची वेळापत्रकं हंगामानुसार बदलतात, दिल्लीचं विमान आठवड्यातून कोणत्या दिवशी आहे ते तिकीट काढण्याच्या दिवशीच पाहा. गेल्या वर्षी शेजारी गेले होते, यावर विसंबू नका.

नाशिक ते मुंबई, आणि उलटा हिशेब

सगळ्यात बेभरवशाचे किलोमीटर हेच. 12,531 किलोमीटरचा अंदाज अर्ध्या तासाच्या फरकाने बरोबर येतो आणि या 165 किलोमीटरचा दीड-दोन तासांनी चुकतो.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ. तिथून पुढे ठाण्याची वाहतूक आहे तशीच आहे. पावसाळ्यात, रविवारच्या संध्याकाळी आणि गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत मी वेळेत एक तास जास्तीचा धरतो. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दिवसभर मुंबईत नातेवाइकांकडे थांबायचं, रात्री तिथून निघायचं, हाही ज्येष्ठांसाठी चांगला मार्ग. फक्त दोन मोठ्या बॅगा घेऊन दादरला उतरायचा उत्साह हवा.

हिशेब नेहमी उलटा मांडा, विमानापासून घराकडे. काकूंसाठी आम्ही कागदावर मांडला तो असा. विमान 12 तारखेला 1:30. तीन तास आधी पोचायचं म्हणजे 11 च्या रात्री 10:30. रस्त्याला चार तास, संध्याकाळच्या ठाण्यासाठी एक, वाटेत चहा आणि स्वच्छतागृहासाठी अर्धा. साडेपाच तास मागे गेलं की संध्याकाळचे पाच. काका म्हणाले, चार. काकू म्हणाल्या, तीन. चारवर तडजोड झाली.

पुढे विमानाचे साडेपंधरा तास. न्यूयॉर्कला सकाळी 7:30, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे पाच. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा, दोन तास. एडिसनपर्यंत गाडीने दीड तास. मुलाच्या दारात सकाळी 11, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. नाशिकच्या दारातून निघाल्यापासून साडेअठ्ठावीस तास.

काकूंनी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. औषधांच्या वेळा त्याच कागदावर बाजूला लिहिल्या, नाशिकच्या घड्याळाने, कारण रक्तदाबाची गोळी विमानात नक्की कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारायचं होतं. हातातल्या पर्समध्ये त्या गोळ्या, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत नाही.